शुद्ध ठरवलेल्या तांब्याची हकिगत

मी एक जुना पितळी तांब्या आहे आणि मी शुद्ध आहे. तसा निकाल लागलेला आहे. फादरांनी स्वतः, रविवारी सकाळी, वेदीसमोर उभं राहून, वस्तीतली सगळी मोठी माणसं आणि चुकून आत शिरलेली एक कोंबडी यांच्या साक्षीने तो दिला. मित्रांनो, तुम्हाला आनंद झाला असेल. पण तो निकाल लागलाच नाही असं आपण धरून चालू. बाकीचे सगळे तसंच धरून चालतात, आपणच वेगळं कशाला करायचं?

माझा जन्म जुन्या जालन्यात एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. लहानपणी मी खूप मार खाल्ला, पण आमच्यात मार खाल्ल्याशिवाय पोट गोल होत नाही. १९८१ साली कडूबा नावाच्या एका तरुणाने मला विकत घेतलं. त्याच्या धाकट्या बहिणीचं, चांगुणाचं लग्न ठरलं होतं. आईबाप आधीच गेलेले. स्थळ त्यानेच शोधलं, बैठक त्यानेच बसवली, आणि आंदणाची भांडीही तोच घेत फिरत होता. माझ्या पोटावर नाव घालायला त्याने दुकानदाराला सांगितलं. नाव घालणाऱ्याने टिंबंटिंबं ठोकत सुरुवात फारच मोठ्या अक्षरात केली. त्यामुळे आजही माझ्यावर असं लिहिलेलं आहे : ‘चि. सौ. कां. चांगुणा हीस बंधू कडूबाकडून सप्रेम भे’. पुढे माझं पोट संपलं.

चांगुणाचं सासर लांब नव्हतं. घनसावंगीच्या बाजूला, कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पायी जाता येईल अशा एका गावच्या कडेला आमची वस्ती. वस्तीतली पंधरा-वीस घरं कॅथलिक. चांगुणाचं माहेर आणि सासर दोन्ही त्याच वस्तीत. मध्ये फक्त एक हापसा. लग्नाच्या दिवशी ती माहेर सोडताना एवढी रडली, की वऱ्हाडातल्या पाहुण्यांना वाटलं पोरगी मुंबईला चालली. रडणं संपायच्या आत सासर आलं.

१९८३ साली कडूबाच्या घराला लागून पत्र्याचं प्रार्थनाघर उभं राहिलं आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी फादर मोटरसायकलवर मिस्सा, म्हणजे वेदीवरची मोठी उपासना, करायला येऊ लागले. ते वसईकडचे. उन्हाने त्यांचं नाक कायम सोललेलं असायचं. पहिल्याच मिस्सेला अडचण आली. मिस्सेत फादरांच्या हातावर पाणी घालायचं असतं, आणि वेदीजवळ होता तो डालड्याचा डबा. त्यावर खजुराच्या झाडाचं चित्र.

“थांबा,” म्हणून चांगुणा पळत घरी गेली आणि मला घेऊन आली.

कडूबाने मला दोन्ही हातांनी धरलं. फादरांनी हात पुढे केले. मी वाकलो. पाणी पडताना फादर हळू आवाजात म्हणाले, “हे प्रभू, माझा अपराध धुऊन टाक, मला माझ्या पापापासून शुद्ध कर.” एवढंच. चार थेंब जास्तच पडले, फादरांच्या चपला भिजल्या.

मिस्सा संपल्यावर चांगुणा मला परत न्यायला आली खरी, पण नेलं नाही. हापशाजवळ उभी राहून भावाला म्हणाली, “दादा, आपली माय पाणी मागायला गेली की गाववाले काय करायचे रे?”

“वरून ओतायचे. वंजळीत. भांड्याला भांडं लागू द्यायचे न्हाईत.”

“अन् आज कोण ओतून राह्यलं अन् हात कोण पुढं करून राह्यलं, बघितलं का?” ती हसली. “राहू दे तांब्या इथंच. माझ्या घरी काय, डाळच शिजायची त्याच्या शेजारी.”

मित्रांनो, अशी माझी नेमणूक झाली. पगार नव्हता, पण मान होता. दर शनिवारी चांगुणा चिंच आणि राख घेऊन यायची आणि मला इतकं घासायची की मला माझ्यातच वस्ती दिसायची. पुढची दहा वर्षं मी एकही मिस्सा चुकवली नाही. फादर दोनदा चुकले, पावसात. मी नाही.

आता कडूबाबद्दल सांगितलं पाहिजे. १९८७ मध्ये फादरांनी त्याला प्रचारकाच्या शिक्षणाला दोन महिने शहरात पाठवलं. प्रचारक म्हणजे फादर नसताना प्रार्थना चालवणारा, बाप्तिस्म्याची तयारी करून घेणारा, कुणी वारलं तर दफन करणारा आपल्यातलाच माणूस. तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत बायबल होतं आणि नावापुढे ‘मास्तर’ लागलं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात काम आणि संध्याकाळी प्रार्थनाघरात बसून मोठ्याने वाचन. ऐकायला मी एकटा.

शिक्षण देणाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं की आधी शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, वाच. कडूबा मास्तरांना ते पटलं नाही. पुस्तक मधूनच उघडायचं? पहिल्या पानापासून सुरू केलं.

पहिलं पुस्तक, उत्पत्ती, झकास गेलं. निर्गममध्ये तर माझा पणजोबा भेटला. दर्शनमंडपापुढे, म्हणजे रानातल्या देवाच्या तंबूपुढे, पितळेचं गंगाळ ठेवलेलं असायचं. अहरोन आणि त्याची मुलं, म्हणजे त्या काळचे याजक, आपल्या फादरांसारखे, वेदीजवळ जाण्याआधी त्यात हातपाय धूत. ते गंगाळ बायकांच्या आरशांचं ओतलेलं होतं. बायकांनी दिलेलं! मास्तरांनी वाचता वाचता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुझं खानदान निघालं रे.” त्या रात्री मला झोप आली नाही. एरवीही येत नाही, पण त्या रात्री कारण होतं.

मग लेवीय आलं.

मित्रांनो, माणसं साधारणपणे लेवीयपाशी येऊन बायबल ठेवून देतात. कडूबा मास्तर तिथे येऊन बसले ते उठलेच नाहीत. काय शुद्ध, काय अशुद्ध, कशाला शिवायचं, कशाला नाही, शिवलं तर संध्याकाळपर्यंत काय करायचं. सगळ्याची यादी. मी त्यांचा चेहरा जवळून पाहत होतो. त्यांच्या सात पिढ्यांना अशीच कुठलीतरी यादी दाखवून लांब उभं केलं होतं, आणि ती यादी नेहमी दुसऱ्याच्या हातात असायची. आता पहिल्यांदाच यादी त्यांच्या हातात आली होती. माणूस ती खाली कशी ठेवणार?

सुरुवात कपड्यांपासून झाली. दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगात घालू नये, असं तिथे आहे. मास्तरांनी आपला लग्नातला टेरिकॉटचा शर्ट काढून ठेवला आणि रविवारी सगळ्यांना तसंच करायला सांगितलं. अख्खी सभा टेरिकॉटमध्ये बसलेली. पाळलं असतं तर प्रार्थना अवघड झाली असती. मग शेत. दोन जातींचं बी एकत्र पेरू नये. आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीचं तास नाही असं शेत दाखवा. मास्तर कामाला जाताना बांधाबांधावर थांबून ‘च् च्’ करायचे. रान त्यांचं नव्हतं, म्हणून तूर वाचली.

पुढे रखमाजीच्या भिंतीला ओल आली. लेवीय चौदामध्ये भिंतीवरच्या चट्ट्यांचा नियम आहे. मास्तरांनी भिंत पाहिली आणि घर सात दिवस बंद ठेवायला लावलं. रखमाजी म्हातारा सात दिवस गोठ्यात राहिला. सातव्या दिवशी मास्तर पुन्हा तपासायला गेले, ओल तशीच होती. शेजारच्या न्हाणीचं पाणी मुरत होतं. न्हाणीबद्दल लेवीयमध्ये काही नाही.

लोक हसायचे, पण ऐकायचे. त्यांना वाटायचं हे शहरात शिकवलेलं असणार. फादरांना कुणी विचारलं नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाला भिंतीची ओल काय सांगायची?

लेवीय संपवून मास्तर गणनेत गेले आणि तिथे माझं लग्न लागल्यासारखं झालं. एकोणिसाव्या प्रकरणात लिहिलंय की ज्या घरात मयत होतं, तिथलं झाकण न बांधलेलं प्रत्येक उघडं भांडं अशुद्ध. वस्ती लहान, मयत कधी कुठे होईल सांगता येत नाही. मास्तरांनी बायकोला, साळूबाईला, टोपी शिवायला लावली. जुन्या लुगड्याच्या काठाची, खाली नाडी. मराठवाड्यात टोपी घालून नाडी बांधलेला तांब्या मी एकटाच असेन. चांगुणा शनिवारी घासायला आली तेव्हा मला बघून इतकी हसली की खाली बसली.

“वयनी, आता याला झबलं बी शिव.”

“तुमच्या भावाला सांगू नका,” साळूबाई म्हणाली. “शिवायला लावतील.”

यानंतरचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. रखमाजी वारला. दफन मास्तरांनीच करायचं. पण मास्तर शवपेटीपासून पन्नास पावलांवर, लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले आणि तिथून ओरडून प्रार्थना म्हणाले. लेवीय एकवीस : याजकाने मयतामुळे विटाळू नये. सवलत फक्त जवळच्यांसाठी. मास्तरांनी ती बोटांवर मोजून दाखवली. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, अविवाहित बहीण. “रखमाजी बसत न्हाई,” ते म्हणाले. आपण याजक नाही, प्रचारक आहोत, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं असं नाही. पण हातात यादी असली की माणूस स्वतःला यादीत बघतो.

१९९४ च्या उन्हाळ्यात चांगुणा आजारी पडली. ताप, मग कावीळ. एका शनिवारी मला घासून झाल्यावर ती प्रार्थनाघराच्या उंबऱ्यावरच बसून राहिली. मास्तर आत वाचत होते.

“दादा, मी मेले तर येशील ना रे जवळ?”

“कशाला वंगाळ बोलतीस?”

“न्हाई, त्या यादीत बघ की मी हाय का.”

मास्तरांनी खरंच पान उघडलं. मित्रांनो, तिने थट्टेने विचारलं होतं. त्यांनी पान उघडलं. “अविवाहित बहीण,” त्यांनी वाचलं. “जिला नवरा न्हाई अशी.”

चांगुणाने पदराला हात पुसले. मग म्हणाली, “अन् नवरा कुणी करून दिला मला? तूच ना?”

तिने माझी टोपी उचलून मला नीट घातली, नाडीची गाठ मारली आणि भिंतीला धरत धरत घरी गेली. ते तिचं मला शेवटचं घासणं.

मंगळवारी, तीन मे रोजी, सकाळी ती गेली.

साळूबाई प्रार्थनाघरात आली, मला फळीवरून उचललं, टोपी ओढून काढली आणि म्हणाली, “चल. तुझ्यावर तिचं नाव हाय.” चांगुणाला शेवटची अंघोळ घातली ती माझ्यातून. दहा वर्षं फादरांच्या हातांवर वाकलो होतो, पण तेवढ्या जपून मला कुणी कधी वाकवलं नव्हतं.

आमच्याकडे ख्रिस्ती असो की कुणी असो, लग्न झालेली बाई गेली की माहेरची साडी भावाने आणायची आणि भावाने अंगावर घालायची. सगळे भावाची वाट बघत बसले. ऊन डोक्यावर आलं. शेवटी चांगुणाचा नवरा तातेराव हापसा ओलांडून गेला. मास्तरांचं दार आतून बंद होतं.

“मास्तर, तुमच्यामुळं थांबलंय.”

दाराच्या फटीतून साडी बाहेर आली. हिरवी, कोरी, घडी न मोडलेली. पाठोपाठ आवाज : “साळूबाईच्या हातानं घाला. मला येता येत न्हाई.”

तातेराव म्हणाला, “येता येत न्हाई का येत न्हाई?”

आत पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला.

पेटी निघाली. साळूबाई मला पाण्याने भरून पुढे चालत होती. हापशाजवळ, बरोबर त्या दारासमोर, खांदेकरी आपणहून थांबले. कुणी सांगितलं नाही. तेरा वर्षांपूर्वी ती जेवढं अंतर रडत चालली होती, तेवढंच अंतर उलटं. आतून मास्तरांचा प्रार्थना वाचण्याचा आवाज येत होता, मोठा, शाळेत धडा वाचतात तसा. मग तो आवाज थांबला. दाराची कडी हलली. एकदा. मी दारासमोरच होतो. लोकांनी खांदा बदलला. कडी पुन्हा हलली नाही. पेटी पुढे गेली.

संध्याकाळी मास्तरांना फळी रिकामी दिसली आणि कुडाच्या भिंतीशी मी दिसलो, मयताच्या घरी जाऊन आलेला, उघड्या तोंडाचा. त्यांनी मला काठीने उचललं. हाताने नाही, काठीने, माझ्या गळ्यात काठी घालून. अशा भांड्यावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी लाल कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडावं लागतं. कालवड निर्दोष हवी, तिच्या मानेवर कधी जू पडलेलं नको. अंबडच्या बाजारातही असली मिळाली नसती. म्हणून मला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवण्यात आलं. कोंबड्या माझ्यातलं पाणी पिऊ लागल्या. त्यांनी लेवीय वाचलेलं नव्हतं. आणि ज्याने मला बहिणीसाठी विकत घेतलं, ज्याने मला पणजोबांची गोष्ट वाचून दाखवली, तो माझ्यापासून तीन हात लांबून जाऊ लागला.

आठ मे, दुसरा रविवार. फादर आले. हात धुवायची वेळ आली आणि त्यांच्यासमोर निळा प्लॅस्टिकचा मग आला.

“तांब्या कुठंय?”

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मग साळूबाई उभी राहिली आणि बसलेल्या माणसांना धक्के देत देत बाहेर जाऊन मला घेऊन आली. माझ्यामागून ती कोंबडी. आणि साळूबाईने सगळं सांगितलं. टोपी, ओल, पन्नास पावलं, साडी, दार.

मास्तर उभे राहिले. हातात पुस्तक. “फादर, लिहिलेलं हाय. मी माझ्या मनचं काही केलं न्हाई.”

फादरांनी पुस्तक घेतलं नाही. ते वेदीच्या पायरीवर बसले. “लिहिलेलं आहे, कडूबा. आसपासच्या देशांत लोक मेलेल्यांचीच पूजा करायचे. इस्राएल लोकांचा देव जिवंतांचा. त्याच्या वेदीशी उभा राहणारा मरणापासून दूर राहायचा, लोकांना ते दिसावं म्हणून. ती खूण होती. पुढचं वाचलंस का? प्रभू येशूने काय केलं?”

“अजून तिथवर आलो न्हाई. गणनेत हाय.”

सात वर्षांत माणूस गणनेपर्यंत आला होता.

“नाईन गावात एका विधवेचा एकुलता एक मुलगा मेलेला,” फादर म्हणाले. “प्रभूने जाऊन तिरडीला हात लावला. याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीचा हात हातात घेतला. विटाळ त्याला लागला नाही, त्याचा जीव तिला लागला. म्हणून आता आम्हा याजकांना मयताला जायचं नसतं असं नाही, जायचंच असतं. मी हात धुतो तो मयताचा विटाळ जावा म्हणून नाही. माझ्या मनात काय काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून धुतो.” मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. “आणि तू तर याजकही नाहीस रे.”

मास्तरांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

“मंग मला जाता आलं असतं?”

“हो.”

“किती जवळ?”

फादरांनी दाराबाहेर हापशाकडे पाहिलं. मग म्हणाले, “खांदा देण्याइतकं.”

मित्रांनो, प्रार्थनाघर एवढं शांत झालं की कोंबडीही जागची हलेना.

फादर उठले, मला हातात घेतलं आणि म्हणाले, “हा तांब्या शुद्ध आहे. तिच्या अंघोळीनंतर तर जास्तच.” शिवाय त्यांनी लेवीयमधलंच सहावं प्रकरण काढून दाखवलं. मातीचं भांडं फोडावं, पण पितळेचं असेल तर घासून पाण्याने धुवावं. झालं. कालवड नाही, राख नाही, सात दिवस नाहीत. चिंच! हे वचन मास्तरांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचलेलं होतं. मी तेव्हाच ऐकलं होतं.

हा तो निकाल, जो लागलाच नाही असं आपण धरून चाललो आहोत. कारण पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वेदीजवळ स्टीलचा नवाकोरा जग होता. मास्तरांनी आणलेला. मला त्यांनी चिंचेने स्वतः घासलं, फडक्यात गुंडाळलं आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं. अशुद्ध म्हणून नाही. दर मिस्सेला फादरांच्या हातावर पाणी घालताना माझ्या पोटावरचं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर येतं, म्हणून. एकदा मला खोटं कारण सांगून काढलं आणि दुसऱ्यांदा खरं कारण न सांगता. दुसरं जास्त लागलं.

त्यांनी पुस्तक पुढे पूर्ण वाचलं, असं साळूबाई सांगते. टोपी तिने चुलीत घातली. वस्तीत कुणीही वारलं तर आता पहिला खांदा मास्तरांचा असतो. यादी बघत नाहीत.

आता दोन हजार चार साल आहे. वर्षातून एक दिवस, दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मला पेटीतून काढतात. मास्तर मला चांगुणाच्या थडग्यापाशी नेतात आणि मातीवर पाणी घालतात. खूप खाली वाकून, माझं तोंड मातीला टेकवून. वरून ओतत नाहीत. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मी अंधारात हिरवा पडत असतो. पितळ पंधरा दिवसांनी तरी घासावं, मित्रांनो. न वापरलेलं जास्त लवकर खराब होतं. ज्यांच्या घरात असं काही पेटीत असेल त्यांनी आजच काढून बघावं.

माझ्याकडे वेळ भरपूर असल्यामुळे मी एक अर्ज तयार केला आहे. तो असा :

प्रति,
मा. अहरोन, मुख्य याजक,
दर्शनमंडप, सीनायचे रान.

विषय : लेवीय, प्रकरण एकवीस, वचन तीन यात दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त वचनातील ‘अविवाहित बहीण’ या शब्दांतील पहिला शब्द वगळण्यात यावा, व सदर दुरुस्ती दिनांक ३ मे १९९४ रोजी सकाळपासून, पूर्वलक्षी प्रभावाने, फक्त आमच्या वस्तीपुरती लागू करण्यात यावी, ही विनंती. हे नियमात बसत नसल्यास, त्या दिवशी हापशासमोर थांबलेली पेटी आणखी पाच मिनिटे तिथेच थांबवून ठेवण्याचे आदेश व्हावेत. संबंधित इसम बाहेर येण्याच्या बेतात होता. कडी हलली होती. अर्जदाराने ती प्रत्यक्ष पाहिलेली आहे.

आपला विश्वासू,
पितळी तांब्या (शुद्ध)
सोबत : काही नाही.